हातात सव्वा लाख, बँकेच्या लेखी साडेबासष्ट हजार

प्रश्न: मी २९ वर्षांची, हिंजवडीत फ्लटर (एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप्स बनवायचं साधन) डेव्हलपर. सीटीसी (कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) ९ लाख, बेसिक ३६,०००, हातात ६४,०००. जर्मनीतल्या एका कंपनीचं वर्षभराचं रिमोट कॉन्ट्रॅक्ट आलंय. महिना साधारण सव्वा लाख, ३० दिवसांची नोटीस. सोलापूरला आई-वडिलांजवळ राहता येईल. चार महिन्यांनी इथे पाच वर्षं होतात, नोटीस पिरियड दोन महिन्यांचा. आईला मधुमेह आहे, विमा कंपनीचाच. एफडी ३ लाख १० हजारांची. ती मोडून जुळे सोलापुरात ४५ लाखांचा फ्लॅट बुक करू, असं यंत्रमागावरून निवृत्त झालेले वडील म्हणतात. काय करू?

उत्तर: नोकरी सोडायला हरकत नाही. फ्लॅट मात्र दोन वर्षं विसरा.

आधी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम. पाच वर्षं भरली की ३६,००० बेसिकवर सुमारे १ लाख ४ हजार मिळतील. त्यासाठी दोन महिने जास्त थांबावं लागेल आणि तेवढ्यात कॉन्ट्रॅक्ट आणि आजचा पगार यांतल्या फरकाचे १ लाख २२ हजार बुडतील, शिवाय पुण्याचं भाडं. म्हणजे फक्त ग्रॅच्युइटीसाठी थांबण्यात राम नाही. जर्मनीवाले आपणहून थांबले तर दुधात साखर. पीएफ मात्र काढू नका. पाच वर्षांच्या आत काढलात तर त्यावर कर बसतो.

आता कर. महिना सव्वा लाख म्हणजे वर्षाला १५ लाख. अनुमानित उत्पन्नाच्या सोयीत (जुन्या कायद्यातलं कलम ४४एडीए) खर्चाचा हिशेब न देता किमान निम्मी रक्कम, म्हणजे साडेसात लाख, उत्पन्न म्हणून दाखवता येते. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट (करात सूट) असल्याने कर शून्य. वर्षाची जमा २० लाखांच्या आत आहे, म्हणून जीएसटी नोंदणीही नको. ऐकायला झकास वाटतं. पण गृहकर्ज देताना बँक रिटर्नमधला आकडा बघते. तिच्या लेखी तुमचं उत्पन्न महिना ६२,५००, आजच्या पगारापेक्षाही कमी. वर, स्वतःचं काम करणाऱ्याकडे बँका बहुधा दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात. फ्लॅट घ्यायचाच असेल तर पुढच्या रिटर्नमध्ये खरा नफा दाखवा आणि त्यावर लागेल तो कर भरा.

“पगाराच्या स्लिपवर कर्ज मंजूर करून घ्या आणि मग राजीनामा द्या” असं कोणी सुचवेल. तसं करू नका. बँकेपासून ही गोष्ट लपवणं चूकच, आणि फ्लॅटच्या किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ३६ लाखांच्या कर्जाचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता सुमारे ३१,२०० येतो. ३० दिवसांत थांबू शकणाऱ्या उत्पन्नावर एवढा हप्ता? वडिलांना हे पटायला अवघड नाही: माग थांबला की मजुरी थांबते, तसंच हे काम. सुट्टी आणि आजारपण दोन्ही बिनपगारी. एफडी म्हणूनच अजिबात मोडायची नाही. घरखर्च महिना ४०,००० धरला तर ती सात-आठ महिने पुरेल.

माझी खरी काळजी आईच्या विम्याची. नोकरीचा शेवटचा दिवस संपला की कंपनीचं कव्हर जातं. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून राजीनामा देण्याआधी एचआरकडून विमा कंपनीचा संपर्क घ्या आणि ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करा. मधुमेह लपवू नका. पॉलिसी हातात पडली की मगच राजीनाम्याचा मेल.

कॉन्ट्रॅक्टमध्ये दोन गोष्टी लिहून घ्या. एक, मॅक (ॲपलचा संगणक) कोण देणार. आयफोनचं ॲप एक्सकोड या ॲपलच्या सॉफ्टवेअरशिवाय तयार होत नाही आणि एक्सकोड मॅकवरच चालतं. तो तुम्ही घेतलात तर अनुमानित सोयीत त्याचा खर्च वेगळा वजा करता येत नाही. दुसरं, बिल दिल्यावर किती दिवसांत पैसे. युरो जमा झाल्याची बँकेची पावती दर महिन्याला जपून ठेवा.

जमेल तेव्हा नेटिव्ह, म्हणजे फ्लटरशिवाय थेट अँड्रॉइड किंवा आयओएससाठी (आयफोनची प्रणाली) ॲप बनवणंही शिकत राहा. मायक्रोसॉफ्टने झामरिन या फ्लटरसारख्याच साधनाचा सपोर्ट १ मे २०२४ ला बंद केला, तेव्हा त्या एकाच साधनावर विसंबलेल्यांची धावपळ झाली होती.

घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या वस्तीत असेल तर शेजारच्या मागांची खटखट मीटिंगमध्ये ऐकू जाणार. पहिल्या बिलातून चांगला हेडफोन, इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचं इंटरनेट घ्या. बाकीच्यातून दर महिन्याला १२,५०० पीपीएफमध्ये टाका, कारण कंपनीकडून पीएफमध्ये येणारे ४,३२० आता बंद होतील.