चर्चचा इतिहास शिकायचा म्हणजे पोरगी बाटणार का?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं. मुलगी पुण्यात टीवाय बीएला आहे, इतिहास घेऊन, मार्क ७८ टक्के, आणि कॉलेजच्या ट्रिपमध्ये वसईचा किल्ला बघून आल्यापासून म्हणतेय की मला ख्रिस्ती चर्चच्या इतिहासात एमए आणि पुढे पीएचडी करायचीय. तुमचं म्हणणं, 'मॅडम तिची समजूत काढा, एमपीएससीच्या क्लासची फी आम्ही भरून टाकलीय.' आणि मध्येच एक ओळ, की सध्या तिला नाशिकला घरी आणलंय आणि मोबाईल आमच्याकडे ठेवलाय.

मार्क, करिअर, स्कोप हे सगळं आपण बोलू, पण माझी गाडी त्या मोबाईलवरच अडली. एकवीस वर्षांची पोरगी, मतदान करते, तिने कुठला गुन्हा केलाय? विषय निवडला. तुम्ही लिहिलंय की 'नातेवाईक विचारतात काय शिकते, काय सांगू', आणि 'उद्या तिला कोणी बाटवलं तर'. तिला विचारलंत का हो, की तुला नक्की काय वाटतं? तीन पानी पत्रात तिचं एकही वाक्य नाहीये. तुमच्या भावाचं मत आहे, तिच्या मामाचं आहे, क्लासवाल्या सरांचं तर अर्धं पान आहे, आणि जिला पुढची चाळीस वर्षं ते काम करायचंय तिचं शून्य. फीसुद्धा आधी भरली आणि मग तिला कळवलं. अशाने पोरं एमपीएससी करत नाहीत दादा, चार वर्षं अभ्यासिकेत बसून दिवस काढतात आणि मग आईवडील मलाच पत्र लिहितात की हिचं अभ्यासात लक्ष का नाही.

बाटण्याचं बोलायचं तर, इतिहास शिकणं म्हणजे भक्ती करणं नव्हे. मुघलांचा इतिहास शिकवणारे आपले किती प्राध्यापक मुसलमान झाले? उलट चर्चचा इतिहास नीट वाचणाऱ्या माणसाला चर्चचं जे दिसतं ते प्रवचनात कोणी सांगत नाही. गोव्यात १५६० ते १८१२, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय चाललं, ते तिला वाचावंच लागेल. १६५३ साली केरळात मट्टांचेरीला तिथल्या जुन्या ख्रिस्ती लोकांनी क्रुसाला दोर बांधून शपथ घेतली की यापुढे जेझुइट पाद्र्यांचं ऐकणार नाही, तेही वाचावं लागेल. आणि दिवाडी बेटावरच्या ब्राह्मण घराण्यातला तो मातेउश द कास्त्रु, ज्याला गोव्याच्या आर्चबिशपने पाद्री करायला नकार दिला म्हणून पठ्ठ्या थेट रोमला गेला, तिथे पाद्री झाला, १६३७ मध्ये बिशप झाला, आणि परत आला तर पोर्तुगीज त्याला बिशप मानायलाच तयार नाहीत, मग त्याने डिचोलीला आदिलशाही हद्दीत बस्तान मांडलं. जात, सत्ता, पैसा, रुसवेफुगवे सगळं आहे त्यात. कोणाला बाटवायचं असेल तर तो हा असला सिलॅबस देणार नाही, एवढं नक्की.

आता तुमच्या पत्रातला खरा गैरसमज. तुम्ही म्हणता, 'हा गोऱ्यांचा इतिहास, इंग्रजांबरोबर आला, त्यात आपलं काय.' हे बऱ्याच शिकलेल्या लोकांनाही वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. इंग्लंडमध्ये धर्मप्रचारासाठी रोमहून पाठवलेला ऑगस्टीन केंटला पोचला ५९७ साली. त्याच्या अडीचेकशे वर्षं आधी इथिओपियात अक्सुमचा राजा एझाना ख्रिस्ती झालेला होता, आर्मेनियाचा राजा तर त्याच्याही आधी. ऑगस्टीननंतर जेमतेम ३८ वर्षांनी, म्हणजे ६३५ मध्ये, अलोपेन नावाचा धर्मगुरू चीनच्या राजधानीत पोचला, तांग सम्राटाने त्याला परवानगी दिली, आणि त्याची हकीकत कोरलेला ७८१ सालचा शिलालेख आजही शिआनच्या म्युझियममध्ये उभा आहे, चिनी मजकूर आणि कडेला सिरियाक, म्हणजे पश्चिम आशियातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतली अक्षरं. केरळातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची प्रार्थनेची भाषाही सिरियाकच होती, लॅटिन नाही आणि इंग्रजी तर नाहीच नाही. आणि आपल्याकडचं सांगायचं तर १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेल्या जॉर्डानस नावाच्या डोमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला पुरलं, म्हणजे आपलं नालासोपारा, आणि नंतर ओडोरिक नावाचा एक प्रवासी साधू त्यांची हाडं काढून चीनला घेऊन गेला. गोवा पोर्तुगीजांनी घेतलं १५१० मध्ये. म्हणजे त्याच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी आपल्या लोकलच्या पट्ट्यात हे सगळं घडत होतं, आणि इंग्रजांचा अजून पत्ताच नव्हता. बरं, पहिला मोठा इंग्रज जो यात येतो तो थॉमस स्टीफन्स, त्याने गोव्यात बसून काय केलं? मराठीत ओव्या लिहिल्या, अकरा हजारांच्या आसपास! त्याचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातच राशोलला छापलं गेलं. ज्ञानेश्वरीची छपाई व्हायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही.

आणि तुम्ही तर नाशिकचे. नारोशंकराची घंटा रोज बघता की. ती पोर्तुगीज घंटा आहे, १७२१ साल आहे तिच्यावर, वसईच्या विजयानंतर आली असं मानतात. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी तशीच एक आहे, तिच्यावर तर मेरी आणि बाळ येशू कोरलेत. त्यामुळे 'आपलं काय' हा प्रश्न निदान गोदाघाटावर उभं राहून तरी विचारू नका.

आता थोडं तुमच्या मुलीशी बोलते, हे पान तिला वाचायला द्या.

बाळ, तू बाबांना सांगितलंस म्हणे की तुला 'चर्चचा दोन हजार वर्षांचा इतिहास' करायचाय. तो कोणीच करत नाही गं. रोममध्ये बसलेले म्हातारे प्रोफेसरसुद्धा एखादं शतक आणि एखादा प्रांत धरतात आणि त्यातच रिटायर होतात. ट्रिपमध्ये विषय आवडणं आणि त्यात संशोधन करणं यात बरंच अंतर आहे, आणि पहिलं म्हणजे दुसरं नव्हे. पण बाबांनी तक्रार म्हणून जे लिहिलंय त्याने मला आशा वाटली. म्हणाले, बाकी पोरी सेल्फी काढत होत्या आणि ही किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये जमिनीवरच्या थडग्यांच्या दगडांचे फोटो काढत बसली, घरी येऊन वहीत ती अक्षरं उतरवत बसली, कळत एक अक्षर नव्हतं तरी. हे लक्षण चांगलं आहे. हे शिकवून येत नाही.

मग तुझी जमेची बाजू काय ते बघ. मराठी तुझी आहे, पुण्यात राहतेस. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज पाद्री बहुतेक निघून गेले, पण ख्रिस्ती गावं तिथेच राहिली, आजही आहेत, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होते, काही घरांत सामवेदी बोली बोलतात. पेशव्यांच्या राज्यात ही गावं कशी चालली, चर्चच्या जमिनीचं काय झालं, गोव्याहून कोण पाद्री येत होते, कर कोणाला जात होता? यातलं एक तोंड पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीत आहे आणि दुसरं गोव्याच्या आणि लिस्बनच्या दफ्तरखान्यात पोर्तुगीजमध्ये. मोडी येणाऱ्याला पोर्तुगीज येत नाही, पोर्तुगीज येणाऱ्याला मोडी येत नाही. दोन्ही येणारी माणसं फार थोडी आहेत. मोडीचे वर्ग भारत इतिहास संशोधक मंडळात होतात, ते लगेच धर. पोर्तुगीज गोवा विद्यापीठात शिकता येईल, एमएलाच तिकडे गेलीस तर एका दगडात दोन पक्षी. सिरियाककडे मन गेलं तर कोट्टायमला सेरी नावाची संस्था आहे, पण तो रस्ता लांबचा आहे, आत्ता नको.

नोकरीचं खरं ते सांगते, दोघांनीही ऐका. नेट, सेट, जेआरएफ हे तुम्हाला माहीत आहे, त्यात नवं काही नाही, इतिहासातच द्यायचं. प्राध्यापकाच्या कायम जागा कमी आहेत, नेट झालेली पोरं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतायत, हे कोणी लपवत असेल तर तो खोटं बोलतोय. पण पुराभिलेखागारं, म्युझियमं, जुन्या कागदांचं भाषांतर, हेरिटेजची कामं इथे भाषा येणाऱ्या माणसाला विचारतात. जुन्या गोव्यात ख्रिस्ती कलेचं म्युझियम आहे, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये हेरास इन्स्टिट्यूट आहे, ती जाऊन बघ. आणि हो, हे शिकायला पाद्री किंवा नन व्हावं लागत नाही. धर्मशास्त्राची कॉलेजं वेगळी, त्यांचा कोर्स वेगळा, तुला साधं इतिहासाचं एमए पुरेसं आहे.

एमपीएससीबद्दल मी 'नको' म्हणत नाहीये दादा. तिला स्वतःला करायची असेल तर एमए करता करताही देता येते, इतिहास त्यात असतोच. पण वर्षभर कोंडून नाही.

तर असं करा. मोबाईल आजच द्या, आणि देताना अटी घालू नका. मोडीच्या वर्गाची चौकशी तिलाच करू द्या, तुम्ही फोन करू नका. सहा महिन्यांत तिला एक पानभर मोडी वाचता आली नाही किंवा कंटाळा आला तर विषय तिचा नव्हता असं समजायचं, आणि ते तिनेच तुम्हाला सांगायचं. पुढचं पत्र मला तिचं हवंय, तिच्या अक्षरात, आणि त्यात वसई तालुक्यातल्या कुठल्यातरी एका गावाचं नाव हवं आणि त्या गावाबद्दल तिला पडलेले तीन प्रश्न. मग बघू.