चहातून औषध देतेय वहिनी, दादाला सांगू का?

प्रश्न: माझा भाचा २० वर्षांचा आहे, इंजिनिअरिंगला. दिवाळीपासून कॉलेज बंद, रात्रभर जागा, एकटाच पुटपुटतो आणि शेजारचे माझ्या जेवणात काहीतरी कालवतात म्हणतो. सायकियाट्रिस्टनी सायकोसिस (भास होणं, नसलेल्या गोष्टींचा पक्का संशय येणं असा मानसिक आजार) सांगून गोळ्या दिल्या, तर दोन आठवड्यात दादा म्हणाला की पोरगं दुपारपर्यंत झोपतंय, हात थरथरतात, ही नशेची औषधं आहेत, बंद करा. आई म्हणते बाहेरचं आहे, देवऋष्याकडे न्या. शेवटी वहिनीने पातळ औषध आणलं आणि गुपचूप त्याच्या चहात घालतेय, फक्त मला माहितीये. जरा फरक आहे त्याच्यात. दादाला सांगू का?
– एक आत्या, सांगली

उत्तर: ताई, ज्या पोराला वाटतंय की कुणीतरी माझ्या खाण्यात काहीतरी घालतंय, त्याच्या चहात आपण खरंच घालतोय! आणि हे कळतंच कधीतरी, बाटली सापडते नाहीतर भांडणात कुणीतरी बोलून जातं, मग त्याचा संशय खरा ठरणार आणि तोही आईवर, त्यानंतर औषध सोडाच, तो तिच्या हातचं जेवणारही नाही. वहिनींना मी नावं ठेवत नाहीये, घरात कुणी साथ देत नसलं की आई हेच करते, किती घरांत चालतं हे. पण अर्धा चहा बेसिनमध्ये गेला तर डोस किती पोटात गेला ते डॉक्टरांनाही कळणार नाही. औषध एकदम तोडू मात्र नका, वहिनींनी याच आठवड्यात डॉक्टरांना खरं सांगावं आणि मुलाला कधी, कसं सांगायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवावं. दादांना तुम्ही परस्पर सांगू नका, वहिनींनाच सांगू द्या, हवं तर डॉक्टरांसमोर. फक्त लपवायला मदत करणं आजपासून बंद.

दादांचं निम्मं बरोबर आहे बरं का. झोप, थरथर, अंग ताठरणं हे त्रास खरे असतात आणि त्यावर डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय असतात, पण ते डॉक्टरांना सांगितलं तर ना. सायकोसिसवरच्या ओलान्झापिनसारख्या औषधांनी वजन आणि शुगर वाढू शकते, ती तपासायला लागते. नशेचं म्हणाल तर सायकोसिसच्या मुख्य औषधांचं व्यसन लागत नाही, सवय लागू शकते ती क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्यांची, त्या सुरुवातीला थोडे दिवस सोबत देतात म्हणून लोक सगळ्यांना एकाच माळेत ओवतात. दादांनी चिठ्ठी घेऊन जावं आणि कुठली गोळी कशासाठी ते स्वतः विचारावं. आणि दोन आठवड्यात निकाल लावू नका, नीट फरक पडायला चार-सहा आठवडे जातात, बरं वाटल्यावरही साधारण वर्ष-दोन वर्षं तरी चालू ठेवतात, मध्येच सोडलं की आजार उलटायची भीती जास्त.

आजींशी वाद घालू नका, अंगारा लावायचाय तर लावू दे, पण औषध बंद करून नाही. आणि कुणी बांधायला, मारायला लागलं तर आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, भूत उतरवायच्या नावाखाली हे करणं गुन्हा आहे.

तुमच्या अख्ख्या पत्रात एक सापडलं नाही, त्या मुलाला काय हवंय? २० वर्षांचा आहे तो, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला आपला आजार आणि औषधं समजून घ्यायचा हक्क आहे. शेजारी कालवतात की नाही यावर हुज्जत नको आणि हो ला हो पण नको, एवढंच विचारा की झोप येत नाही त्याचा त्रास होतोय का. मला काही झालेलं नाही म्हणणारी बरीच मुलं झोपेसाठी म्हणून गोळी घ्यायला तयार होतात, तिथून बोलणं पुढे नेता येतं.

मरायची भाषा केली, खाणंपिणं सोडलं किंवा कुणावर धावून गेला तर मात्र घरात चर्चा करत बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल. रात्री-बेरात्री काही सुचेना तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, २४ तास, मराठीतही बोलतात.

पुढच्या अपॉइंटमेंटला दादा, वहिनी आणि तो, तिघंच जाऊ देत, तुम्ही आजींजवळ थांबा.