पुरावे दाखवूनही लोक आपलं राजकीय मत का बदलत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की तुमचे काका निवृत्त इंजिनिअर आहेत, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज राजकीय फॉरवर्ड टाकतात, तुम्ही सरकारी आकडे आणि बातम्यांच्या लिंक देऊन ते खोडून काढता आणि काका दुसऱ्या दिवशी दुप्पट जोमाने नवीन काहीतरी टाकतात. त्यावरून तुमचा प्रश्न असा, की पुराव्याने माणसाचं मत बदलतच नसेल तर लोकशाहीत वाद घालून हशील काय?

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते आणि राजकीय मतं कशी घडतात यावरचं संशोधन आवडीने वाचते. माझं उत्तर असं, की पुराव्याने माणूस बदलतो, पण पुरावा ज्या गोष्टीबद्दल आहे तेवढीच गोष्ट बदलते. तुम्ही काकांची माहिती दुरुस्त करताय आणि वाट बघताय त्यांची निष्ठा बदलण्याची. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे अभ्यासकांनाही बऱ्याच उशिरा उमगलं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

माणसं पुराव्याला जुमानत नाहीत असं म्हणताना हमखास 1979 सालच्या एका प्रयोगाचा दाखला दिला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी 48 विद्यार्थी निवडले. निम्मे फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे, निम्मे विरोधातले. प्रत्येकाला दोन अभ्यास वाचायला दिले. एकाचा निष्कर्ष, फाशीमुळे खून कमी होतात. दुसऱ्याचा नेमका उलटा. दोन्ही अभ्यास संशोधकांनीच रचलेले होते. एकात कायदा येण्याआधीचे आणि नंतरचे आकडे होते, दुसऱ्यात शेजारशेजारच्या राज्यांची तुलना, आणि कोणती पद्धत कोणत्या निष्कर्षाला जोडायची हे मुद्दाम अदलून बदलून ठेवलं होतं. झालं असं, की जो अभ्यास आपल्या बाजूने होता तो विद्यार्थ्यांना भक्कम वाटला आणि विरोधातला तकलादू. पद्धत तीच, पण निष्कर्ष फिरला की तिच्यातले दोष दिसायला लागायचे. शेवटी दोन्ही बाजूंचे विद्यार्थी म्हणाले, आपलं आधीचं मत आता आणखी पक्कं झालंय.

हा प्रयोग खूप गाजला. याच्या पुढचा भाग मात्र फारसा कुणी सांगत नाही, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. 1984 मध्ये लॉर्ड, लेपर आणि एलिझाबेथ प्रेस्टन यांनी तशीच मांडणी पुन्हा केली. एका गटाला बजावलं, न्यायाधीशासारखं निःपक्षपातीपणे वाचा. काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला सांगितलं, प्रत्येक टप्प्यावर स्वतःला विचारा की याच अभ्यासाचा निष्कर्ष उलटा असता तर मी त्याला हेच गुण दिले असते का? या गटातला पक्षपात ओसरला. निःपक्षपाती राहा, असं म्हटल्यावर प्रत्येकाला वाटतं की तो तसा आहेच. उलट निष्कर्षाचा प्रश्न मात्र एक ठराविक काम करायला लावतो. मी हा प्रश्न विद्यार्थ्यांना पेपर तपासतानासुद्धा विचारायला लावते, आणि कुणाची लिंक खोडण्याआधी तुम्हीही तो स्वतःला विचारून बघा.

पुढे 2010 मध्ये ब्रेंडन नायहन आणि जेसन रायफ्लर यांचा अभ्यास आला. ज्या महासंहारक शस्त्रांच्या दाव्यावरून अमेरिकेने इराकमध्ये युद्ध केलं ती तिथे सापडली नाहीत, ही दुरुस्ती वाचल्यावर अमेरिकेतल्या काही उजव्या विचारांच्या लोकांचा ती शस्त्रं होती यावरचा विश्वास उलट वाढला, असं त्यांना दिसलं. खुलासा केला की गैरसमज घट्ट होतो, ही गोष्ट मग वर्तमानपत्रांतून, भाषणांतून, पुस्तकांतून जगभर पोचली. काका दुप्पट जोमाने टाकतात, हे तुमचं निरीक्षण त्याच चौकटीत बसतं. पण थॉमस वुड आणि ईथन पोर्टर यांनी दहा हजारांहून जास्त लोकांवर, 52 वेगवेगळ्या मुद्द्यांवर हीच गोष्ट तपासली, तेव्हा तो उलटा परिणाम जवळजवळ कुठेच सापडला नाही. त्यांचा लेख 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. खुलासा वाचल्यावर माणसं सरासरीने खऱ्या माहितीच्या दिशेनेच सरकली, डावी असोत वा उजवी. अँड्र्यू गेस आणि अलेक्झांडर कॉपॉक यांनी फाशीच्या प्रयोगासारखी मांडणी मोठ्या संख्येवर करून पाहिली, तिथेही माणसं पुराव्याच्या दिशेनेच थोडी हलली.

यात मला सगळ्यात आदर वाटतो तो नायहन आणि रायफ्लर यांचा. ज्या निष्कर्षाने नाव झालं त्यावर अडून न बसता ते वुड आणि पोर्टर यांच्याबरोबर कामाला लागले. चौघांनी मिळून 2016 च्या अमेरिकन निवडणुकीत एक प्रयोग केला. पक्षाच्या अधिवेशनातल्या भाषणात ट्रम्प यांनी देशातल्या गुन्हेगारीचं भयानक चित्र रंगवलं होतं. काही लोकांना त्या भाषणासोबत एफबीआयची आकडेवारी वाचायला दिली; गुन्हे दीर्घकाळ घटत आले आहेत असं ती सांगत होती. ट्रम्प यांच्या समर्थकांनीही आकडे मान्य केले आणि गुन्हेगारीबद्दलचा त्यांचा अंदाज सुधारला. ट्रम्प यांच्याबद्दलचं मत जागचं हललं नाही.

तुमच्या प्रश्नाचं मर्म इथे आहे. माणूस एखाद्या पक्षाच्या बाजूने उभा राहतो तो एका आकड्यामुळे नव्हे. त्यात घराणं असतं, जात असते, गावातलं राजकारण असतं, कुणी कधीतरी केलेली मदत असते, कुणी केलेला अपमान असतो. त्यातला एक आकडा तुम्ही काढून घेतलात तरी बाकी सगळं जागच्या जागी राहतं. काका तुमचा आकडा मनातल्या मनात मान्यही करत असतील. ग्रुपवर तसं म्हणत नाहीत, कारण तिथे आकडा मान्य करणं म्हणजे बाजू सोडणं असं सगळ्यांनी, तुम्हीसुद्धा, धरून ठेवलंय.

आता एवढा शिकलेला माणूस असं कसं करतो, या तुमच्या वाक्याकडे येते. येल विद्यापीठातल्या डॅन कहान यांचा एक प्रयोग वर्गात फळ्यावर मांडला की मुलं दोन मिनिटांत चकतात. त्वचेवरच्या पुरळासाठी नवीन क्रीम आहे. क्रीम लावलेल्यांपैकी 223 जणांचं पुरळ कमी झालं, 75 जणांचं वाढलं. न लावलेल्यांपैकी 107 जणांचं कमी झालं, 21 जणांचं वाढलं. क्रीम उपयोगी आहे का? बहुतेक जण 223 बघून हो म्हणतात. गुणोत्तर काढलं तर लावणाऱ्यांतले सुमारे 75 टक्के सुधारले आणि न लावणाऱ्यांतले सुमारे 84 टक्के, म्हणजे क्रीमने नुकसानच झालं. ज्यांचं गणित चांगलं होतं त्यांनी हे ओळखलं. मग तेच आकडे बंदुकांवरच्या बंदीचे आणि शहरांतल्या गुन्ह्यांचे म्हणून दिले. उत्तर आपल्या राजकीय मताच्या विरोधात जात होतं तिथे चांगल्या गणितवाल्यांचीही गाडी घसरली. कहान यांच्या मते तर गणित जितकं चांगलं तितका राजकीय पक्षपात जास्त. हा शेवटचा भाग मात्र टिकलेला नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रयोग पुन्हा केला तेव्हा पक्षपात दिसला, पण हुशारीने तो वाढतो असं दिसलं नाही. तेव्हा शिकलेली माणसं जास्त हट्टी असतात असं मी म्हणणार नाही. शिक्षणाने माणूस यातून आपोआप सुटत नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं, आणि ते तुम्हाला-मलाही लागू आहे.

इथे एक तात्त्विक प्रश्नही आहे आणि तो टाळून चालणार नाही. आपल्या मताच्या विरोधातल्या पुराव्यावर संशय घेणं दर वेळी अविवेकी असतं का? स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1748 मध्ये चमत्कारांबद्दल लिहिताना एक कसोटी दिली. कुणी चमत्कार पाहिल्याचं सांगितलं तर विचारावं, की चमत्कार घडला असण्याची शक्यता जास्त, की सांगणाऱ्याची चूक होत असण्याची? ही कसोटी आपण बुवाबाजीविरुद्ध आनंदाने वापरतो. पण काकाही तीच वापरतात. आयुष्यभर जे पाहिलं, ज्यांच्यावर विश्वास ठेवला, ते सगळं एका पारड्यात आणि पुतण्याने पाठवलेली एका वर्तमानपत्राची लिंक दुसऱ्या पारड्यात. ते वर्तमानपत्र विकलं गेलंय असं त्यांना आधीपासून वाटत असेल, तर लिंक खोटी ठरवणं त्यांच्या जागेवरून तर्काला धरूनच आहे. आपल्याकडे न्यायदर्शन या प्राचीन तत्त्वज्ञानाने विश्वासू माणसाच्या शब्दाला चार प्रमाणांपैकी, म्हणजे ज्ञानाच्या ग्राह्य साधनांपैकी, एक मानलंय, प्रत्यक्ष आणि अनुमानाच्या पंक्तीला बसवलंय. त्यात तथ्य आहे. महागाईचा दर किंवा लसीची परिणामकारकता तुम्ही-मी कुठे स्वतः मोजतो? आपणही कुणाच्या तरी शब्दावरच चालतो. त्यामुळे खरं भांडण बहुतेक वेळा पुराव्यावर नसतंच, विश्वास कुणावर ठेवायचा यावर असतं. लिंकमागून लिंक पाठवून ते मिटत नाही.

निष्ठा, पूर्वग्रह, विश्वास यांत बदल होतो का? होतो, आणि यावरच्या संशोधनाची कथा विलक्षण आहे. 2014 च्या डिसेंबरात 'सायन्स' या नियतकालिकात मायकेल लाकोर या तरुण संशोधकाचा लेख आला. समलिंगी कार्यकर्त्याने दारात येऊन थोडा वेळ बोललं तर समलिंगी विवाहाबद्दलचं मतदाराचं मत बदलतं आणि महिनोन्महिने टिकतं, असा दावा होता. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांना तो इतका भावला की त्यांनी तसाच अभ्यास करायला घेतला. पण प्रश्नावलीला मिळणारा प्रतिसाद लाकोरने सांगितलेल्या प्रमाणाच्या जवळपासही जाईना. खोदत गेल्यावर कळलं की सर्वेक्षण झाल्याचा पत्ताच नाही. 2015 च्या मेमध्ये लेख मागे घेतला गेला. दुसरं कुणी असतं तर विषय सोडून दिला असता. या दोघांनी मायामीत आपला अभ्यास पुरा केला. तिथे तृतीयपंथी व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणाऱ्या स्थानिक कायद्यावरून वातावरण तापलं होतं. 56 कार्यकर्ते, 501 मतदार, दारात साधारण दहा मिनिटांचं बोलणं. मतदारांचा पूर्वग्रह खरोखर कमी झाला आणि निदान तीन महिने टिकला. त्यांचा लेख 2016 मध्ये त्याच 'सायन्स'मध्ये छापून आला.

त्या दहा मिनिटांत काय व्हायचं ते बघा. कार्यकर्ता आधी मतदाराचं मत विचारायचा आणि ते काहीही असलं तरी तोंड वाकडं न करता ऐकून घ्यायचा. मग विचारायचा, तुम्ही इतरांपेक्षा वेगळे आहात म्हणून कुणी तुम्हाला कधी नावं ठेवली आहेत का? मतदार आपला अनुभव सांगायचा. कार्यकर्ता आपला सांगायचा. त्यानंतरच विषय तृतीयपंथी माणसांकडे यायचा. कॅला आणि ब्रूकमन यांनी 2020 मध्ये पुढचं काम छापलं, त्यात कायदेशीर कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांचा प्रश्न होता. एका गटाशी फक्त मुद्द्यांवर बोलले, दुसऱ्याशी मुद्दे अधिक अनुभवांची देवाणघेवाण. नुसत्या मुद्द्यांनी काही हाललं नाही. दुसऱ्या गटात बदल झाला, लहानसा पण टिकणारा.

हे सगळं अमेरिकेतलं झालं. आपल्याकडे सुमित्रा बद्रीनाथन यांनी 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये घरोघरी जाऊन सुमारे तासभराचं प्रशिक्षण दिलं, खोटी बातमी किंवा जुना फोटो कसा ओळखायचा याचं. एकुणात ओळखण्याची क्षमता वाढली नाही. भाजपच्या समर्थकांमध्ये तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या बातम्या ओळखण्याचं प्रमाण घटलं. निराश व्हावं असाच निष्कर्ष. पण त्याच राज्यात नंतर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 583 गावांतल्या शाळकरी वयाच्या सुमारे 13,500 मुलांना काही आठवडे सलग शिकवलं, तेव्हा खरं-खोटं पारखण्यात ठळक सुधारणा झाली. चार महिन्यांनीही ती टिकून होती आणि काही प्रमाणात पालकांपर्यंत पोचली. निवडणुकीच्या ऐन तोंडावर मोठ्या माणसाला एक तास, आणि शांतपणे, वयात येणाऱ्या मुलाला कित्येक आठवडे: यातला फरक धोरण आखणाऱ्यांनी मनावर घ्यावा असं मला कळकळीने वाटतं. शाळेत नागरिकशास्त्राच्या वाट्याला जे चार-दोन गुण येतात, त्यातून हे व्हायचं नाही.

आता तुमचं काय? काकांचा पक्ष बदलायचा असेल तर ग्रुपवर प्रयत्न करू नका. घरी जा, त्यांना तो पक्ष कधीपासून आणि का जवळचा वाटला ते विचारा, आणि खरंच ऐकायचं असेल तरच विचारा. फॉरवर्ड खोटा आहे हे सांगायचं असेल तर मात्र ग्रुपवरच सांगा आणि फार तयारी करू नका. बद्रीनाथन आणि सिमॉन शोशार यांनी हिंदी भाषकांवर प्रयोग करून हे तपासलंय. चर्चेत कुणीतरी साधं 'हे खरं वाटत नाही' एवढं म्हटलं, तरी वाचणाऱ्यांचा अफवेवरचा विश्वास कमी होतो, आणि सोबत मोठा स्रोत जोडला म्हणून परिणाम फारसा वाढत नाही. तुमच्या ग्रुपवर काकांखेरीज मावश्या, चुलत भावंडं, नुकताच मतदार झालेला एखादा भाचा असेल. ते उत्तर देत नाहीत, पण वाचतात. तेव्हा 'काका, हे खरं वाटत नाही, फोटो जुना आहे' एवढं एका ओळीत लिहा आणि पुढच्या वादात पडू नका.