३० खाटांचं हॉस्पिटल पुढे १०० खाटांचं करायचं असेल, तर बांधतानाच काय सोय ठेवावी?

डॉक्टर, खानापूर रोडला २० गुंठ्यांत बांधताय म्हणता, म्हणजे आर्किटेक्टनं एव्हाना सांगितलंच असेल, "फाउंडेशन चार मजल्यांचं घालू, कॉलमचे गज वर सोडू." आपल्याकडे घर, दुकान, कार्यालय सगळं असंच वाढतं की हो. हॉस्पिटल मात्र असं वाढवू नका.

मी बेळगावात एका हॉस्पिटलचं मेंटेनन्स बघायचो. तिथं पेशंट ॲडमिट असतानाच वरचा मजला चढवला. वर काँक्रीट फोडायचा ब्रेकर, खाली ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर. टेरेसचं वॉटरप्रूफिंग फोडलं आणि मृग लागला. आयसीयूत बादल्या लावल्या आम्ही. धुळीचा घोर त्याहून मोठा, कारण तोडफोडीच्या धुळीतून ॲस्परजिलस बुरशी उडते आणि अशक्त पेशंटच्या फुप्फुसात बसते. शेवटी ओटी बंद ठेवावी लागली.

म्हणून बाजूला वाढा. लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल जॉन वीक्स या आर्किटेक्टनं १९६० च्या दशकात याच विचारानं आखलं. मधून रस्त्यासारखा कॉरिडॉर, त्याला लागून इमारती आणि त्यांची टोकं पुढे जोडकाम करता येईल अशी मोकळी. तुम्हाला तेवढी जागा नाही, पण मुख्य कॉरिडॉर मोकळ्या बाजूला नेऊन संपवा. त्या टोकाला जिना, लिफ्ट, संडास काही घालू नका, नुसती खिडकी ठेवा. आणि सेटबॅकला, म्हणजे हद्दीलगत नियमानं सोडाव्या लागणाऱ्या जागेला, मोकळी जागा समजू नका, तिथं कधीच बांधता येणार नाही.

खाटा वाढायच्या आधी आतलंच बदलतं, हाही अनुभव. एक्स-रेच्या शेजारी स्टोअर किंवा रेकॉर्ड रूम ठेवा. उद्या सीटी स्कॅनचं मशीन आलं की फायली हलवायला एक दिवस पुरतो, ओटी हलवायला वर्ष जातं. आतल्या भिंती हलक्या, पाइप भिंतीत न गाडता डक्टमध्ये, म्हणजे उघडता येईल अशा पोकळीत, मजल्याची उंची १४ फूट. मोठं मशीन आत न्यायची वाट आजच नकाशावर आखा, नाहीतर भिंत फोडावी लागते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या इन्सेल हॉस्पिटलात तर एका इमारतीचा सांगाडा, आतली मांडणी आणि यंत्रं-फर्निचर अशी कामं वेगवेगळ्या टीमना दिली, कारण तिन्हींचं आयुष्य वेगळं. स्लॅबमध्ये पुढे कापता येतील असे चौकोनही आधीच ठरवून ठेवले.

ऑक्सिजनची लाइन प्रत्येक खाटेला न्या, २०२१ नंतर हे सांगायला नको. इलेक्ट्रिक पॅनेल आणि जनरेटर तळघरात नकोत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात काय पाणी झालं ते बघितलंय आपण. पाट्यांना जागा जास्त सोडा, कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही बसवायच्या आहेत.

एवढं सांगूनही गज सोडायचेच ठरले, तर सिमेंटची पेस्ट मारून कच्च्या काँक्रीटनं झाका. उघडे गज दोन पावसाळ्यांत गंजतात आणि त्यांचे पापुद्रे सुटायला लागतात.