फवारणीच्या औषधावरचं इंग्रजी

प्रश्न : आमची तासगावजवळ द्राक्षबाग आहे. मुलगा सातवीत, मराठी माध्यमात शिकतो. इंग्रजीतले छोटे शब्द वाचतो, पण लांबलचक शब्द आला की पहिली तीन अक्षरं बघून पुढचं ठोकून देतो. रोज स्पेलिंग दहा-दहा वेळा लिहून घेते, तरी फरक नाही. काय करू? – एक आई

उत्तर : ताई, आधी ते दहा वेळा लिहिणं बंद करा. सांगलीत ३१ वर्षं इंग्रजी शिकवताना मीही तेच करून घेतलं. पोरांचे हात दुखले, वाचन होतं तिथंच राहिलं.

डावणी-भुरी या द्राक्षावरच्या बुरशीरोगांच्या, किडीच्या औषधांच्या लेबलांचे फोटो काढा. (बाटली पोराच्या हातात नको.) त्यातला ‘इन्सेक्टिसाइड’ घ्या. हा शब्द दोनदा तोडायचा. एकदा तोंडासाठी : इन-सेक-टि-साइड. एका तुकड्यात स्वराचा एकच आवाज. हनुवटीखाली हात धरून सावकाश म्हणायला लावा, हनुवटी चारदा खाली येते. शेवटचा ई मुका, तो मोजायचा नाही. मग अर्थासाठी : इन्सेक्ट म्हणजे कीटक, साइड म्हणजे मारणारं, मधला आय नुसता सांधा. आता बघा, तोंडानं ‘टी’ पुढच्या तुकड्यात ढकलला, अर्थानं तो इन्सेक्टकडेच ठेवला. पोरं गोंधळतात ती इथं. आम्ही मास्तर मंडळीही एकच तोड बरोबर धरून मार्क कापत आलो.

खरं तर हे त्याच्या ओळखीचं आहे. कीटकनाशक, बुरशीनाशक, तणनाशक यांतलं ‘नाशक’ तो बागेत रोज ऐकतो. तेच इन्सेक्टिसाइड, फंगिसाइड, हर्बिसाइड. फक्त हे साइड सी-नं सुरू होतं. एस-वालं साइड म्हणजे बाजू. माझ्या एका विद्यार्थ्यानं पेपरात ‘किड्याची बाजू’ लिहिलं होतं. मी शून्य दिला. आज अर्धा मार्क दिला असता, निदान शब्द तोडला तरी होता त्यानं!

या साइडमागचा लॅटिन धातू कापण्याचा, मारण्याचा. ‘डिसाइड’मध्येही तोच : बाकीचे पर्याय छाटून मोकळं होणं. आणि इन्सेक्टचा मूळ अर्थही ‘कापलेला’, कारण किड्याचं अंगच खाचा पाडल्यासारखं असतं. मुलाला मुंगी दाखवून हे सांगा, विसरणार नाही.

आठवड्यानं त्याच्यासमोर ‘जर्मिसाइड’ लिहून ठेवा. काही सांगू नका. वाचताना तो कुठं थांबतो, तेवढं बघून मला कळवा.