भित्र्या कुत्रीला घरी आणताना

ताई, फोस्टरवाल्यांकडून, म्हणजे तिला तात्पुरतं सांभाळणाऱ्यांकडून, तिला आणाल तेव्हा तिच्या अंथरुणातलं फडकं न धुता मागून घ्या. ओळखीचा वास हाच तिचा पहिला आधार. रेबीजच्या लसीचं कार्डही घ्या. सुरुवातीला पाहुणे नकोत, उचलून घेणं तर नकोच. आमची छोटी चार दिवस पलंगाखाली जुन्या सोलापुरी चादरीवर बसून होती. मी तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बसायचे, तळहातावर उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवून. पाचव्या दिवशी ओलं नाक हाताला लागलं, डोळे भरून आले हो!

बाहेर नेताना नीट बसणारा हार्नेसच घाला. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं काढून घेतं. आणि गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत, शोभेच्या दारूकामाच्या रात्री तिला घरातच ठेवा, खिडक्या लावून, तुम्ही जवळ बसून.