अडकलेला ऑइल फिल्टर: हातोडी ठेवा, ट्रॅक्टरवाल्याकडं जा

भाऊ, पहिलं म्हणजे गाडी चालू करू नका. "गॅरेजपर्यंत तेवढी नेतो" असंही नको. ऑइल काढून टाकलंय, फिल्टरचा डबा फाटलाय. असं इंजिन एक मिनिट फिरवलं तरी बेअरिंग जातील. न्यायचीच असेल तर छोट्या टेम्पोत घालून न्या. पण न्यायची गरज पडेल असं मला वाटत नाही.

तुम्ही लिहिलंय की रॉयल एनफील्डच्या इंटरसेप्टर 650 मोटरसायकलचा ऑइल फिल्टर हातानं निघेना, म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्यानं स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवला आणि डबा चिंधीसारखा फाटला, बूड जागचं हललं नाही. वाचून हसू आलं, कारण लातूरला मी हेच करून बसलोय. माझी जुनी जीप होती एवढाच फरक. खाली उताणा झोपलेलो, आणि काळं तेल बाहीतून थेट काखेपर्यंत.

हा फिल्टर अडकतो कशानं ते कळलं की निम्मी चूक टळते. लोकांना वाटतं आटे गंजले. आटे आतल्या बाजूला असतात, कायम तेलात भिजलेले, त्यांना गंज कुठून धरणार? धरून बसते ती रबराची रिंग. कुणीतरी ती कोरडीच बसवतो, वरून पान्यानं आवळतो, मग इंजिनच्या गरमीनं रबर अॅल्युमिनियमला भाजून चिकटतं. म्हणून गंज काढायचा स्प्रे मारून रात्रभर वाट बघण्यात काही अर्थ नाही. तो रिंगच्या आत आट्यांपर्यंत पोचतच नाही. वर डबा निसरडा होतो, ते वेगळंच.

आता तुमच्या फाटक्या डब्याचं. लोंबणारा पत्रा, पत्रा कापायच्या कात्रीनं कापून काढा. हातमोजे घाला, त्या कडा ब्लेडसारख्या असतात. आतलं कागदाचं काडतूस आणि स्प्रिंग बाहेर घ्या. उरेल ती एक जाड चकती: मधे आटे असलेलं मोठं भोक, भोवतीनं बारीक भोकं. मधल्या भोकात इंजिनमधून आलेली नळी दिसेल. तिच्यात आधी स्वच्छ फडक्याचा बोळा घाला. गाळलेलं तेल याच नळीतून पुढं बेअरिंगांकडं जातं. तिथं पत्र्याचा एक कण गेला तर त्याला अडवायला पुढं कुणी नाही. हे काम सोडून बाकी काहीही विसरलात तरी चालेल.

मग लांब नाकाच्या पकडीची दोन टोकं समोरासमोरच्या बारीक भोकांत घाला, पकडीच्या दोन दांड्यांमधून लोखंडी गज आडवा घाला आणि गज फिरवा. बऱ्याचदा एवढ्यावर चकती "कट्" असा आवाज करून सुटते. नाहीच सुटली तर बोथट छिन्नी चकतीच्या कडेला तिरकी लावून हलके टोले द्या. चार टोले इथं, चार टोले पलीकडं, जागा बदलत. धारदार छिन्नी पत्रा फाडते आणि सरकली की अॅल्युमिनियमवर ओरखडा काढते. रिंग जिथं बसते त्या जागी ओरखडा आला तर नवा फिल्टरही गळणार. इंजिन चालू करून गरम करता येणार नाही, तेव्हा घरातलं केस वाळवायचं मशीन दहा मिनिटं धरा. ब्लो लॅम्पचं, म्हणजे ज्योतीच्या दिव्याचं, नावही काढू नका. वर पेट्रोलची टाकी आहे. परभणीच्या मे महिन्यात तर दुपारी गाडी उन्हात लावली तरी रबर नरम पडेल, मशीन कशाला!

दिशेचं एक राहिलं. गाडीच्या पुढं उकिडवं बसून, फिल्टरकडं तोंड करून, घड्याळाच्या उलट फिरवायचं. गाडीवरून वाकून हात घातला की हीच दिशा डोक्यात उलटी होते. आमच्या गल्लीतला एक जण अर्धा तास घाम गाळून आवळत होता. खडूनं बाण काढून ठेवा, लाजू नका.

ज्यांचा डबा अजून शाबूत आहे त्यांच्यासाठी: इंजिनात ऑइल असतानाच तीन-चार मिनिटं गाडी चालू ठेवा. जास्त नको, या गाडीचा फिल्टर सायलेंसरच्या नळ्यांजवळ आहे, हात भाजतो. मग बंद करून ऑइल काढा, डबा फडक्यानं अगदी कोरडा पुसा आणि पॉलिश पेपरची खरखरीत बाजू डब्याला लावून, वर सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेढे देऊन पिळा. खरं काम पकडीचं आहे, ताकदीचं नाही. पकड सरळ बुडाजवळ घ्या. मधे धरलं की डबा दबतो.

तेवढ्यानं न निघाला तर फिल्टर खोलायचा पाना लागतो, आणि इथं आपल्याकडची गंमत आहे. तालुक्याच्या बाइक गॅरेजमध्ये तो बहुतेक मिळत नाही. तिथं दिवसभर स्प्लेंडर येतात. त्यांना असा डबाच नसतो, जाळी धुतली की झालं. पण ट्रॅक्टरच्या मिस्त्रीकडं आणि पिकअप दुरुस्त करणाऱ्याकडं पट्ट्याचा पाना हमखास भिंतीला टांगलेला असतो, कारण त्यांच्याकडं फिरवून बसवायचे डबेच येतात. माझी जीपही गावच्या ट्रॅक्टर मिस्त्रीनंच सोडवली, दोन मिनिटांत, एक चहा घेऊन. बोअरवाल्यांचा चेन पाना कुणी सुचवेल. पकडतो जोरात, पण पाइप उपसायचं ते अवजार दोन नळ्यांच्या फटीत शिरत नाही, आणि शिरलं तर डबा चेपतं. स्क्रू ड्रायव्हर या सगळ्याच्या नंतर, आणि तोही डब्याच्या मधे नाही.

निघाल्यावर दोन गोष्टी बघा. जुनी रिंग फिल्टरबरोबर आली का? इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर गाडी चालू होताच ऑइल पिचकारीसारखं बाहेर येतं. मी एका मित्राच्या पिकअपचं रस्त्यात असं झालेलं पाहिलंय, औसा रोडला काळी रेघ राहिली होती. दुसरं, मधली आट्यांची नळी फिल्टरबरोबर फिरून बाहेर आली नाही ना. आली असेल तर ती स्वतः अंदाजानं आवळू नका, मिस्त्रीकडून नीट बसवून घ्या.

बोळा काढायला विसरू नका! मग जागा पुसा, नव्या रिंगला बोटानं नवं ऑइल चोळा, रिंग टेकेपर्यंत हातानं फिरवा आणि पुढं डब्यावर छापलंय तेवढं, साधारण पाऊण फेरा. पाना लावायचा नाही. ऑइल भरून एक मिनिट चालू ठेवा, खाली बघा, बंद करा, थोडं थांबून पातळी बघा.

जुनं ऑइल नालीत ओतू नका. विहिरीच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून आमच्याकडं लावायचे, ती सवय मीही सोडलीय. डब्यात भरून गॅरेजच्या ड्रममध्ये द्या. आणि नव्या फिल्टरवर मार्करनं तारीख, किलोमीटर आणि "हातानं आवळला" असं लिहा.